आधी हात, मग एमआरआय

गुडघा दुखतो म्हणून येणारी बरीच माणसं हल्ली एमआरआयचं पाकीट घेऊनच येतात. "डॉक्टर, गादी फाटलीय," हे पहिलं वाक्य. गादी म्हणजे मेनिस्कस, गुडघ्यातल्या हाडांमधली कूर्चेची चकती. मी पाकीट बाजूला ठेवतो आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे करून झोपायला सांगतो. दोन्ही अशासाठी, की दुखऱ्या गुडघ्याची तुलना करायची ती त्याच माणसाच्या चांगल्या गुडघ्याशी. पँट नुसती गुडघ्यापर्यंत दुमडली, तर मांडीचा स्नायू सुकलाय का हे दिसणार कसं?

हात लावण्याआधी एक प्रश्न महत्त्वाचा: सूज कधी चढली? कबड्डी खेळताना पाय मुरगळला, आत 'कट्‌' झालं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलं असणार. अशा वेळी पुढचं क्रूसिएट लिगामेंट तुटल्याचा दाट संशय घ्यावा. सूज दुसऱ्या दिवशी दिसली, तर आधी गादीचा विचार.

लिगामेंटसाठी माझा सगळ्यात जास्त भरवसा लॅकमन चाचणीवर आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या जॉन लॅकमन यांची ही पद्धत जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. गुडघा २० ते ३० अंश वाकवायचा, एका हाताने मांडी पक्की धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर हाड जरासं सरकतं आणि ठक्क अडतं. तुटलं असेल तर ते अडणं हाताला लागतच नाही. मात्र पेशंटने पाय अगदी सैल सोडायला हवा. दुखण्याच्या भीतीने मांडीचा मागचा स्नायू आवळला, तर तुटलेलं लिगामेंटही धड वाटतं. म्हणून दोन मिनिटं बोलावं, धीर द्यावा, मग ओढावं. घाईत केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

गादीचं इतकं सोपं नाही. सांध्याच्या रेषेवर बोट दाबून नेमकं कुठे दुखतं ते पाहायचं, मग लिव्हरपूलच्या मॅकमरे यांच्या पद्धतीने गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल फिरवत सरळ करायचा. आत खटका जाणवला आणि दुखलं तर संशय बळावतो; नाही जाणवला म्हणून गादी ठीक, असं मात्र म्हणता येत नाही.

मग थेट एमआरआयच का नको? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिन्यात दुखलाही नव्हता, आखडलाही नव्हता. म्हणजे साठीच्या माणसाच्या रिपोर्टात फाटलेली गादी दिसली, तरी दुखणं तिचंच असेल असं नाही. हे हाताने पडताळल्याशिवाय दुर्बिणीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका.

लाल, गरम गुडघा आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; जंतुसंसर्गात सांध्याची कूर्चा झपाट्याने झिजते.

आणि पालकांनो, मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडतंय, गुडघ्यात मात्र काहीच सापडत नाही, असं झालं तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगा. वाढीच्या वयात कधी कधी मांडीच्या हाडाचं वरचं टोक सरकतं आणि मूल बोट दाखवतं गुडघ्याकडे. पाय आत वळवताना अडत असेल तर एक्स-रे खुब्याचा काढायचा, तोही त्याच दिवशी, आणि तोवर मुलाला त्या पायावर चालू द्यायचं नाही.