वाळूत गाडी रुतली तेव्हा

(स्त्री-गटांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून इथे पोटगी, रेशनकार्ड आणि गावातल्या दारूच्या दुकानावर बोलणं चाललंय, आणि आता मी उठून वाळवंटातल्या सहलीबद्दल सांगणार. मलाच संकोच वाटतोय. ताईंना मी म्हटलंही, की हा चैनीचा विषय आहे. त्या म्हणाल्या, "चैन कुणी करायची आणि कुणी डबे भरून द्यायचे, हेही एकदा बोलूया की." म्हणून उभी राहिले.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन १९९८ साली शारजाला गेले. तिथे एका कंपनीत हिशेबाचं काम करते. गाडीचा परवाना मी २००९ साली काढला, तीनदा नापास होऊन चौथ्या वेळी. पण परवाना मिळाला तरी घरात वाटणी ठरलेलीच होती. ऑफिस, शाळा, वाणसामान यासाठी छोटी गाडी माझी. मोठी गाडी, जिची चारही चाकं जोर लावतात ती, नवऱ्याची. हप्ते दोघांच्या पगारातून जायचे, किल्ली मात्र एकाच्याच खिशात. सुट्टीच्या दिवशी तीन-चार कुटुंबं मिळून वाळवंटात जायची. पुरुष गाड्या टेकड्यांवर चढवायचे, आणि आम्ही बायका शेजारी बसून संत्री सोलायचो, मुलांना उलटी झाली तर पिशवी धरायचो. मुक्कामाला पोचलं की ते थकलेले असायचे आणि आम्ही बिर्याणीला लागायचो. अशी बारा-तेरा वर्षं गेली. मला कधी खटकलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

२०२२ च्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "आम्ही बायका-बायका लिवाला चाललोय, येतेस? पण गाडी तू स्वतः चालवायचीस." आठ गाड्या, अकरा बायका, तीन दिवस, दोन रात्री. म्होरकी होती केरळची एक परिचारिका. आम्ही सगळ्या तिला चेची म्हणायचो. ती पंधरा वर्षं वाळूत गाडी चालवत होती. नवऱ्याला सांगितलं, तर तो चिडला नाही, नुसता हसला. म्हणाला, "गाडीचं काही झालं तर?" तुला काही झालं तर, असं नाही. गाडीचं.

आता जरा भूगोल. रब-अल-खाली म्हणजे 'रिकामा चतुर्थांश'. साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं वाळूचं वाळवंट, सौदी अरेबिया, ओमान, येमेन आणि अमिराती अशा चार देशांत पसरलेलं. लिवा हा त्याच्या उत्तरेच्या काठावरचा खजुराच्या बागांचा पट्टा. त्याच्या दक्षिणेला टेकड्या सुरू होतात, आणि काही टेकड्या तर आपल्याकडच्या डोंगरांशी बरोबरी करतील एवढ्या.

अबू धाबी सोडून पश्चिमेला लागलं, की रस्त्यावरच्या पाट्यांवर घुवैफात हे नाव दिसायला लागतं. ही सौदीची सीमा. लिवाचा फाटा त्याच्या बराच अलीकडे डावीकडे फुटतो. त्या फाट्याजवळ चेचीने वॉकीटॉकीवर सांगितलं, की २०१४ च्या नोव्हेंबरअखेर लुजैन अल-हथलूल नावाची पंचविशीतली मुलगी याच रस्त्याने एकटी गाडी चालवत सीमेवर गेली होती. तिच्याकडे अमिरातीचा परवाना होता. सौदीत तेव्हा बायकांनी गाडी चालवायला बंदी होती. तिला अडवलं, अटक केली आणि ७३ दिवस डांबून ठेवलं. त्याच्याही आधी, ६ नोव्हेंबर १९९० ला, रियाधमध्ये ४७ बायकांनी एकत्र गाड्या चालवल्या होत्या. त्यांना नोकरीवरून काढलं, पासपोर्ट काढून घेतले, मशिदींतून शिव्या घातल्या. ही बंदी २४ जून २०१८ ला उठली. पण तिच्याविरुद्ध लढणाऱ्या लुजैनला महिनाभर आधीच, मे महिन्यात, पुन्हा पकडलं होतं. हक्क मिळाला त्या दिवशी ती तुरुंगात होती, आणि सुटली ती २०२१ च्या फेब्रुवारीत. मी त्याच भागात चोवीस वर्षं राहतेय, पण हे नाव नुसतं कानावरून गेलं होतं. मला कुणी बंदी केली नव्हती. तरी मोठ्या गाडीच्या चालकाच्या सीटवर बसायला मला एवढी वर्षं लागली.

डांबरी रस्ता संपला तिथे पहिलं काम टायरमधली हवा काढणं. रस्त्यावर ३५ पौंड असते, ती १५ वर आणायची. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर विभागतं. उंटाचा तळवा पसरट असतो ना, तसंच. मी गेज हातात धरून चार चाकांभोवती बसले, आणि लक्षात आलं की बारा वर्षांत हे काम मी शेकडो वेळा पाहिलंय, पण एकदाही केलेलं नाही. ते काही अवघड नाही हो. गॅसचा रेग्युलेटर बदलण्यापेक्षा सोपं आहे.

मग नियम. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्या गाडीला दिसतो. पुढची गाडी माथा ओलांडून 'मोकळं' म्हणेपर्यंत मागचीने चढायचं नाही. उतरताना नाक सरळ खाली. आडवं गेलं तर गाडी कलंडते. उतार भीतीदायक असतो, साधारण ३२ ते ३४ अंशांचा. सुकी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. खाली बघितलं की पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमका तिथेच घात होतो. मागची बाजू घसरायला लागली तर ब्रेक नाही, हलका ॲक्सिलरेटर आणि चाकं उताराच्या दिशेला. हे ऐकायला एक मिनिट लागतं आणि पायाला पटायला दोन दिवस.

पहिल्या दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. नंतर मळमळ. मला वाटलं, भीतीने होतंय. चेचीने विचारलं, "सकाळपासून पाणी किती प्यायलीस?" मी अर्धी बाटलीसुद्धा प्यायले नव्हते. का, ते तुम्हाला सांगायला नको. इथे एसटीने जाणारी प्रत्येक बाई हे करते. स्टँडवरची जागा वापरण्यासारखी नसते, म्हणून घरातून निघताना चहासुद्धा घेत नाही. आपण मुंबईतल्या 'राइट टू पी' मोहिमेबद्दल इथे बोललोय. मला वाटायचं, तो विषय मी मागे टाकून आलेय. आणि पन्नाशी उलटलेली मी, वाळवंटात, जिथे पाणी न पिणं जिवावर बेतू शकतं, तिथेही तहान दाबत बसले होते, कारण मैलभर आडोसा नव्हता.

चेची मूत्रपिंडाच्या विभागात काम करते. ती मुळीच लाजली नाही. तिने सगळ्या गाड्या थांबवल्या आणि सांगितलं, की दर तासाला मुक्काम होईल, डावीकडची टेकडी आपली, दोघीदोघींनी जायचं, कागद पिशवीत घालून परत आणायचा. पुढे वॉकीटॉकीवर प्रत्येक थांब्याला तिचा आवाज यायचा, "पेट्रोल किती, पाणी किती, जाऊन आलात का?" एकाच दमात तिन्ही. आमच्यातल्या एकीची पाळी चालू होती, तिनेही मोकळेपणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी चार लिटर पाणी प्यायले आणि डोकं दुखलं नाही.

रुतण्याचं सांगते. दुसऱ्या सकाळी एका माथ्यावर मी घाबरून नको तेव्हा पाय काढला. गाडी धारेवर पोट टेकून बसली, पुढची चाकं अधांतरी आणि मागची वाळू उडवतायत. मी आणखी जोर दिला आणि आणखी खाली गेले. रेडिओवर आवाज आला, "पाय काढ. गाडी बंद कर. खाली उतर." मला वाटलं, आता कुणीतरी येऊन काढेल. आल्या सगळ्या, पण हातात फावडी घेऊन. एक माझ्या हातात दिलं. पोटाखालची वाळू हातांनी ओढायची, चाकांपुढे मार्ग करायचा, चाकांखाली फळ्या सरकवायच्या. पाऊण तास लागला. दोर बांधण्याची वेळ आली तेव्हा चेची पहिल्यांदा ओरडली. दोर गाडीच्या मूळ हुकालाच लावायचा, मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, कारण तो ताणाखाली तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. माणसं मेलीयत त्याने. आणि दोर ताणलेला असताना जवळ कुणीही उभं राहायचं नाही. पूर्वी आम्ही बायका नेमक्या तिथेच उभ्या राहून फोटो काढायचो! कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्हाला सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

गाडी निघाली तेव्हा एकीने टाळ्या वाजवल्या. चेची म्हणाली, "टाळ्या नकोत. आता तोच माथा पुन्हा चढ." चढले.

जेवणाची गंमत. मी सवयीने अकरा जणींना पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. तिथे प्रत्येकीने आपापलं आणलेलं. चेची म्हणाली, "इथे कोणी कुणाची सासू नाही, उगाच कशाला एवढ्या केल्यास?" खाल्ल्या मात्र सगळ्यांनी.

दुसऱ्या रात्रीचं सांगायलाच हवं. अंधार पडल्यावर एका पिकअपचे दिवे आमच्या दिशेने यायला लागले. अकरा बायका, फोनला रेंज नाही. आम्ही बोललो नाही, पण सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि एकीने फावडं उचललं. नंतर काही जणी म्हणाल्या, की उगाच घाबरलो. मला तसं वाटत नाही. ती भीती आम्ही घरून आणलेली नव्हती, ती अनुभवाची होती. आला तो उंटांच्या गोठ्यावर काम करणारा सुदानी माणूस. लांब उभा राहून त्याने सलाम केला आणि सांगितलं, की तुम्ही टँकरच्या वाटेवर तंबू ठोकलेत, पहाटे धुक्यात त्याला दिसणार नाहीत. आम्ही तंबू हलवले. त्याला चहा दिला. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. जिथे आम्ही हौसेने दोन रात्री काढायला गेलो होतो, तिथे तो एकटा उंट सांभाळत राहत होता. शहरात माझ्याच इमारतीत घरकाम करणाऱ्या बायका आहेत. २०१७ च्या कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी दिली, पण ती सुट्टी मागायची कशी, हे त्या मला जिन्यात विचारतात. आमच्या सहलीत त्यांच्यापैकी कुणी नव्हती, आणि हे त्या रात्री चहा पिताना कुणाच्या बोलण्यात आलं नाही. मीही बोलले नाही.

तंबूवरून आठवलं. तिथल्या भटक्या बदाउनी लोकांचे तंबू लोकरीचे असत. त्यासाठीची लोकर कातणं, मागावर पट्टे विणणं हे काम बायकांचं. त्या विणकामाला सदू म्हणतात. युनेस्कोने २०११ साली तातडीने जपण्याच्या कलांच्या यादीत त्याची नोंद केली. म्हणजे वाळवंटातलं घर बायकांच्या हातचं होतं. आम्ही मात्र दुकानातून आणलेला नायलॉनचा तंबू उभारताना त्याच्या काठ्या तीनदा चुकवल्या.

परत डांबरावर आल्यावर टायरमध्ये हवा भरली, ३५ पर्यंत. घरी पोचले तेव्हा नवरा खाली पार्किंगमध्ये उभा होता. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली, बंपर बघितला, मग किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, फावडं तेवढं वर घेऊन ये. तो घेऊन आला. त्यावर आमचं नंतर आठवडाभर बोलणं झालं, सगळंच काही गोड नव्हतं. आता किल्लीच्या दोन प्रती आहेत.

बाहेर माझ्या भावाची गाडी उभी आहे. जॅक आणि पाना काढून ठेवलाय. चहा झाला की चाक काढून पुन्हा बसवूया. साडीत आलेल्यांनी पदर खोचून या.