खेपेचा हिशेब वहींत मांडा
(निफाड तालुक्यांतील एका गांवीं ट्रकवाले व शेतकरी यांच्या सभेंत झालेलें भाषण)



आम्ही पडलों शाळामास्तर. आम्हांस ट्रक हांकतां येत नाहीं. बेरीज-वजाबाकी मात्र येते. म्हणून तिच्याविषयींच बोलतों.

लासलगांव व पिंपळगांव बसवंत येथील कांदा देशभर जातो. तो वाहणारांत शेतकऱ्यांचीं मुलें पुष्कळ. घरचे दागिने मोडावयाचे, कर्ज काढावयाचें, एक ट्रक घ्यावयाचा आणि स्वतःच चालवावयाचा. लोक त्यास मालक म्हणतात. पण भाडें सांगतो दलाल, हप्ता ठरविते फायनान्स कंपनी, डिझेलचा भाव ठरतो भलतीकडेच. मालकाच्या हातीं उरतें काय? झोंप किती मोडावयाची, एवढेंच!

गाडीवाला डिझेल, टोल व जेवण वजा करतो आणि "खेप सुटली" म्हणतो. समजा, खेपेस ८,००० रुपये उरले. महिन्यास पांच खेपा, म्हणजे ४०,०००. हप्ता ३५,००० चा. राहिले ५,०००. त्यांत टायर, विमा, पासिंग, दुरुस्ती आणि पोराबाळांचें पोट! अशी खेप सुटत नाहीं, बांधवांनो. ती गाडीच खाऊन टाकते.

२०१८ सालीं केंद्र सरकारनें दहा चाकी ट्रकचें मालासह मान्य वजन २५ टनांवरून २८.५ टन केलें. कमाई वाढेल असें वाटलें. पण तोच माल थोड्या गाड्यांत मावूं लागला, तेव्हां गाड्यांचीच चढाओढ लागली. त्याहून जास्त भरावें तर २०१९ च्या कायदेदुरुस्तीनें दंड २०,००० रुपये, शिवाय जादा टनामागें २,००० रुपये. माल दुसऱ्याचा, अडते ती आपली गाडी.

डिसेंबर २०२३ मध्यें कांद्याची निर्यात बंद झाली. ती मे २०२४ मध्यें खुली झाली. शेतकऱ्याचा भाव पडला, गाडीवाल्याची खेप बुडाली. हप्ता मात्र एक दिवस थांबला नाहीं. म्हणून शेतकऱ्यानें गाडीवाल्यास परका समजूं नये. एकाच घरांतले हे दोन भाऊ आहेत.

मग करावें काय? पहिलें, प्रत्येक खेपेची वही ठेवा. किलोमीटर, डिझेल, टोल, टायरची झीज, हप्त्याचा वांटा आणि स्वतःची मजुरी त्यांत मांडा. दुसरें, तोंडी बोलीवर गाडी भरूं नका. वजन, दर, आगाऊ रक्कम, बाकी कोणत्या तारखेस, खोळंब्याचे पैसे किती, कांद्याची घट कोणाच्या अंगावर, हें सारें पावतीवर लिहून घ्या. "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही मागणी वाहतूकदार करीत आले आहेत. ती पावतीवर उतरली तरच खरी. तिसरें, परतीच्या मालाची खबर एकमेकांस द्या. रिकामें येण्यापेक्षां बरें म्हणून एकानें अर्ध्या भाड्यांत माल उचलला, कीं दुसऱ्या दिवशीं तोच दर सर्वांस ऐकावा लागतो.

दलालावर नुसतें रागावून कांहीं होत नाहीं. त्याच्याजवळ हिशेब असतो, आपल्याजवळ नसतो. त्याचें बळ तेवढेंच. शाळा सुटल्यावर कोणीहि वही घेऊन या. रकाने आम्ही आंखून देऊं. आंकडे मात्र तुम्हींच खरे लिहा.