आधी पिन, मग दांडा

कारखान्याच्या भिंतीला टांगलेला लाल सिलिंडर रोज दिसतो, पण कधी हातात घेऊन चालवलाय? बहुतेकांचं उत्तर 'नाही'च. आगीच्या वेळी काय करायचं हे कामगारांना शिकवावं, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ मध्येच लिहिलं होतं. अनेक ठिकाणी ते शिकवणं वहीत सह्या घेण्यापुरतंच उरतं.

सहा किलोच्या पावडर सिलिंडरचा फवारा जेमतेम १५-२० सेकंद टिकतो. तेवढ्यात धांदल परवडत नाही. नवखा माणूस घाबरून आधी दांडाच आवळतो. मग पिन अडकते, निघता निघत नाही. हात सैल सोडा, पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मग दांडा आवळा आणि नळी झाडू मारल्यासारखी फिरवा. पाठ दाराकडे. वायरिंग पेटलं असेल तर शक्य असल्यास आधी मेन स्विच बंद. पेटत्या तेलावर पाणी मुळीच नको.

एकजण सिलिंडर उचलेल तेव्हाच दुसऱ्याने १०१ फिरवायचा. आणि हे सगळं आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेपर्यंतच! धूर दाटू लागला की सगळं टाकून बाहेर.

१९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात प्रात्यक्षिकं होतात. तुमच्याकडे झाली, तर रात्रपाळीची आणि कंत्राटी माणसंही बोलवा. रात्री यंत्राशेजारी तीच असतात.