हालचालीचा लगाम
(कडेगाव येथील वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



आपल्या कडेगावी मोहरमात उंच ताबुतांच्या भेटी होतात. एवढे ओझे खांद्यावर घेऊन चालायचे म्हणजे पुढे रेटणे व आवरून धरणे, ही दोन्ही कामे एकदमच साधावी लागतात. मेंदूचेही तसेच आहे.

मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. ते ज्या पेशींवर काम करते, त्यांवर त्यास धरून घेणारे ग्राही असतात. १९७९ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे डी-१ व डी-२ असे दोन वर्ग मांडले; आज पाच प्रकार ज्ञात आहेत. डी-१ असलेल्या पेशी हालचालीस चालना देतात, डी-२ असलेल्या तीस लगाम घालतात. डोपामिन पहिल्यांस चेतविते व दुसऱ्यांचा लगाम सैल करते. ते आटले म्हणजे चालना मंदावते, आणि लगामही आवळतो! हाच कंपवात होय.

मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेचा उपयोग जगापुढे मांडला. त्याच वनस्पतीतील रेसर्पिन देऊन स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ साली ससे निश्चल केले. डोपा टोचताच ते पुन्हा हालूं लागले. त्यांस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. एल-डोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांतही असते. परंतु त्याचे प्रमाण सर्व बियांत सारखे नसते. म्हणून घरी चूर्ण करून घेणे आम्हांस धोक्याचे वाटते.

आता घरचे बोलू. आजोबांचे अक्षर बारीक होते, चेहरा निर्विकार दिसतो, चालताना एक हात हलत नाही. मग सून म्हणते, "मामंजी मुद्दाम वेळ लावतात." कंप नसला तर कोणास शंकाही येत नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी माहीत आहे. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड व मानसिक आजारांवरील काही औषधे डी-२ ग्राहीच अडवितात. अशा वेळी डोपामिन असूनही लगाम सुटत नाही, आणि धडधाकट माणूस कंपवाताच्या रोग्यासारखा दिसू लागतो. कारण ओळखून वैद्यांनी औषध बदलले, तर पुष्कळांस काही आठवड्यांत वा महिन्यांत उतार पडतो. मात्र ते आपल्या मनाने बंद करू नये.

यास्तव वडीलधाऱ्यांस तपासावयास नेताना घरातील त्यांच्या साऱ्या गोळ्या, उलटीच्यासुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.