तारेचा क्रमांक आणि तांब्याचे माप



विजेची तार घेताना आपण दुकानात ‘दीडची’ किंवा ‘अडीचची’ तार मागतो. हा आकडा तारेतील तांब्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. आकडा मोठा, तर तार जाड. अमेरिकेत मात्र याच्या नेमके उलट आहे. तेथील 14 क्रमांकाची तार 10 क्रमांकाच्या तारेहून बारीक असते. अमेरिकन बनावटीच्या यंत्रांच्या माहितीपत्रकांत हेच क्रमांक आढळतात. म्हणून हा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे.

ही श्रेणी 1857 मध्ये ब्राउन अँड शार्प या अमेरिकन कंपनीने तयार केली. सोनार पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढतो, तेव्हा प्रत्येक ओढीसरशी ती बारीक होते. क्रमांकाची कल्पना याच धर्तीची आहे. 36 क्रमांकाच्या तारेचा व्यास 0.127 मि.मी., तर चार शून्यांच्या क्रमांकाचा 11.684 मि.मी. ठरलेला आहे. मधल्या 39 पायऱ्या समान गुणोत्तराच्या आहेत. परिणामी क्रमांक तीनने वाढला की क्षेत्रफळ सुमारे निम्मे होते आणि सहाने वाढला की व्यास निम्मा होतो.

एकच आकडा ध्यानात ठेवावा: 10 क्रमांक म्हणजे 5.26 चौ. मि.मी. त्यावरून 13 क्रमांक 2.63 आणि 16 क्रमांक 1.31 येतो. एकेका पायरीसाठी 1.26 ने भागावे. म्हणजे 12 क्रमांक 3.31 आणि 14 क्रमांक 2.08 चौ. मि.मी. होतो.

आपल्याकडील मापे 1, 1.5, 2.5, 4, 6 अशी आहेत. ती अमेरिकन मापांशी तंतोतंत जुळत नाहीत. अशा वेळी नेहमी वरचे माप घ्यावे: 14 साठी 2.5, 12 साठी 4 आणि 10 साठी 6. अमेरिकेत 12 क्रमांकाच्या तारेवर 20 अँपिअरचे संरक्षण असते. तिच्या जागी अडीचची तार घातली, तर तारेचा रोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्याच प्रवाहात उष्णताही तितकीच अधिक निर्माण होते. ती वेष्टन जाळू शकते, आणि संरक्षक साधनाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत जुने ब्रिटिश क्रमांक अद्याप रूढ आहेत. ब्रिटिश 14 क्रमांकाची तार 3.24 चौ. मि.मी. असते, तर अमेरिकन 14 क्रमांकाची केवळ 2.08. क्रमांक एकच, तांबे मात्र दीडपटीहून अधिक!

म्हणून पंचायत सदस्यांना आणि कार्यालयांना माझी विनंती आहे, की खरेदीच्या मागणीपत्रात नुसता क्रमांक न लिहिता क्षेत्रफळ चौ. मि.मी. मध्ये नमूद करावे. शिक्षकबंधूंनी हा हिशेब भूमिती श्रेढीच्या तासाला उदाहरण म्हणून द्यावा. वर्गात गिरविलेले गणित उद्या एखाद्या घराचे आगीपासून रक्षण करील.