पिकअपचे स्टिअरिंग का थरथरते?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकवणारा माणूस. मी गाडीवर बोलायला उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. पण माल बाजारात सुखरूप पोहोचेपर्यंत शेतीचे काम संपत नाही. रात्री टोमॅटो भरायचा आणि पहाटे बाजार गाठायचा, हे आता गावोगावी चालते. त्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते : गाडी गावच्या रस्त्यावर ठीक चालते, पण महामार्गावर ६०-७० च्या पुढे गेली की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. मग एक मेस्त्री अलाइनमेंट करायला सांगतो, दुसरा बॉल जॉइंट बदलतो, तिसरा नवे टायर घ्यायला लावतो. पैसे जातात, थरथर तशीच राहते.

पिकाचे पान पिवळे पडले की आपण काय पाहतो? खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्राची कमतरता असण्याचा संभव. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची. लक्षण कोठे आणि केव्हा दिसते, यावरून कारण ठरते. गाडीचेही तसेच आहे. आधी निदान, मग खर्च.

लक्षण नीट ओळखा

मोकळ्या, सरळ रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत गाडी चालवून पुढील गोष्टी पाहा. स्टिअरिंगवरचे हात मात्र सोडू नका.

१. स्टिअरिंग थरथरते की बैठक? स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. बैठक आणि हौदा थरथरत असेल तर मागची चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट तपासा.

२. ठराविक वेगालाच थरथर होते आणि वेग कमी करताच थांबते का? तसे असेल तर पहिला संशय चाकाच्या बॅलन्सिंगवर घ्या.

३. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते का? मग पुढच्या ब्रेक डिस्क पाहा. त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिली नसेल किंवा त्या वेड्यावाकड्या फिरत असतील.

४. फक्त वेग घेताना धडधड होते का? मग प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस जॉइंट झिजले असण्याची शक्यता आहे.

थोडासा चिखल, मोठी ओढ

बॅलन्स बिघडण्याचे एक कारण खास आपले आहे. काळ्या रानात गाडी घातली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून घट्ट होतो. बाहेरून चाक स्वच्छ दिसते. समजा, १०० ग्रॅमचे ढेकूळ चाकाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर चिकटले आहे. ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे ९ फेरे घेते. त्या वेळी ते ढेकूळ चाकाला सुमारे साडेसहा किलो वजनाइतकी ओढ देते आणि प्रत्येक फेऱ्यात त्या ओढीची दिशा फिरत राहते. वेग निम्मा केला की ही ओढ चौथाई होते. म्हणून गावच्या रस्त्यावर काही जाणवत नाही.

स्वस्तापासून सुरुवात करा

पहिले, चाके आतून-बाहेरून पाण्याने धुवा आणि वाळलेला चिखल खरवडून काढा. काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

दुसरे, टायर थंड असताना हवा तपासा. गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी दिलेला दाब पाळा.

तिसरे, टायरवरून हात फिरवा. फुगा आलेला असेल, एखादी जागा जास्त झिजलेली असेल किंवा आतली तार दिसत असेल, तर ते टायर त्याच दिवशी काढा. माल भरलेल्या गाडीचा पुढचा टायर वेगात फुटला, तर गाडी सावरणे फार कठीण.

चौथे, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. चाक काढून बसवले असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासा.

पाचवे, चारही चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. चाक यंत्रावर फिरत असताना स्वतः उभे राहून पाहा. रिम वाकलेली असेल तर डोळ्यांना दिसते.

एवढ्याने भागले नाही, तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहा. दोन्हीकडचे टायर व रिम एकाच मापाचे असले पाहिजेत. थरथर स्टिअरिंगमधून बैठकीत गेली, तर दोष चाकातच आहे. ती स्टिअरिंगमध्येच राहिली, तर सांधे तपासा.

सांध्यांची परीक्षा

सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचला. गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिनमध्ये ढिलाई आहे. जोडीदाराला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंगचा दोष समजा. आता चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. फक्त याच दिशेने खेळ असेल तर टाय रॉड एंड झिजला असण्याची शक्यता जास्त. तो निसटला तर स्टिअरिंग फिरवूनही चाक वळत नाही. अशी गाडी दुरुस्तीशिवाय महामार्गावर नेऊ नका, मग बाजारभाव कितीही चढा असो.

अलाइनमेंटबद्दल एक गैरसमज आहे. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर तिरपे झिजतात. नुसत्या अलाइनमेंटने थरथर सहसा जात नाही. म्हणून ती सांधे दुरुस्त झाल्यावर, शेवटी करा.

मेस्त्रीकडे गेल्यावर 'गाडी थरथरते' एवढेच सांगू नका. किती वेगाला, कोठे, ब्रेक दाबल्यावर की वेग घेताना, रिकामी असताना की भरलेली, आणि केव्हापासून, हे वहीत लिहून न्या. चांगल्या मेस्त्रीचे निम्मे काम त्यानेच होते. थरथर हा गाडीने आधी दिलेला इशारा आहे. तो ऐकला तर माल वाचतो, पैसा वाचतो आणि पुढे बसलेली माणसेही सुखरूप घरी येतात.