दादर, उडीद आणि दोन लेकरं



मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात एक महिनाभर बिस्किटाचा पुडा आला नाही. घरात दोन मुलं. मोठी सहा वर्षांची, धाकट्याला तिसरं संपत आलेलं. आम्ही जळगावात राहतो, माझं माहेर धुळ्याचं. आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवर जातो आणि सासूबाई आमच्याजवळ असतात. घरातली माणसं आधी सांगितली, कारण त्या महिन्यात जे जमलं आणि जे फसलं, ते या माणसांच्या वेळेवरच जमलं आणि फसलं.

सुरुवात मुलीनं केली. तिला नुकतं वाचता येऊ लागलं होतं आणि दिसेल ते वाचायचा तिला नाद लागला होता. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं दाखवून तिनं विचारलं, ‘‘आई, एवढं काय लिहिलंय?’’ तो पुडा मी वर्षानुवर्षं आणत होते आणि मागची बाजू त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचली. पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं, तिसरं पामतेलाचं. पाकिटावर घटक छापताना जो सगळ्यांत जास्त तो आधी, असा नियम आहे. म्हणजे वरची तीन नावं वाचली की माल काय आहे ते कळतं. हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

अमेरिकेत 2010 साली लिसा लीक नावाच्या एका आईनं नवरा आणि दोन लहान मुली यांच्यासह शंभर दिवस फक्त ‘खरं अन्न’ खायचं ठरवलं होतं. तिचे नियम सोपे होते. मैदा नाही, साखर नाही, आणि पाचांहून जास्त घटक असलेली पाकिटबंद वस्तू नाही. तीस दिवसांचं दुसरंही एक प्रसिद्ध व्रत तिकडे आहे, पण त्यात धान्य, डाळी आणि दूध तिन्ही वर्ज्य. खानदेशात भाकरी आणि वरण काढून घेतलं तर लेकरांच्या ताटात उरणार काय? म्हणून आम्ही आपले नियम आपण केले. मैदा नाही. पांढरी साखर नाही, गूळ मोजून. आणि आपल्या स्वयंपाकघरात नसलेलं नाव ज्या पाकिटावर छापलंय, ते पाकीट नाही. मुदत तीस दिवस.

धुळ्याला फोन केला तर आईनं एकच विचारलं, ‘‘पोऱ्या काय खाई मंग?’’

पहिल्या आठवड्यात तिचाच प्रश्न माझ्यापुढे रोज उभा राहिला, तोही नेमका संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. सकाळचा डबा जमत होता, रात्रीचं जेवण जमत होतं. पण मी कामावरून येते, मुलं भुकेली असतात, भाकरीला अजून तासभर असतो, त्या वेळेत बिस्किटाचा पुडा दोन सेकंदांत फुटतो. त्याच्या जागी काय? केळी. आपल्या जळगाव जिल्ह्यात याला उत्तर शोधावं लागू नये. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती ट्रकांनी दिल्लीकडे जाते, आणि आपल्या मुलांच्या हातात त्या वेळी पुडा असतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण नुसत्या केळ्यावर महिना निघत नाही. मग मुगाच्या, मटकीच्या घुगऱ्या, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं, आईनं धुळ्याहून धाडलेले बिबडे.

बिबड्यांवर आमच्याकडे वाद झाला. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, पीठ शिजवायचं, त्यात लसूण-तीळ घालायचे, थापायचं आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवायचं. एवढी प्रक्रिया केलेल्या वस्तूला ‘खरं अन्न’ म्हणायचं का, असं नवऱ्यानं विचारलं. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. प्रक्रिया म्हणजेच वाईट, असं नाहीच. दही लावणं ही प्रक्रिया आहे, दळण हीसुद्धा. बिबड्यात काय गेलं ते आईला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि उन्हाळ्यात आजीच्या गच्चीवर राखणीला बसलेल्या माझ्या मुलीलाही माहीत आहे. कुरडई मात्र आमच्या नियमात बसली नाही. तिच्यात गव्हाचा कोंडा काढून नुसता चीक घेतात. मुलं नाराज झाली.

केळीच्या वेफर्सवर मुलगी अडून बसली. ‘‘केळंच आहे ना ते?’’ तिचं खरं होतं. कढईसमोर उभं राहून आम्ही ते तळताना पाहतो, त्यात केळं, तेल आणि मीठ याखेरीज काही नसतं. आठवड्यातून एकदा, वाटीत काढून, असं ठरलं.

माझ्याकडून चूक झाली ती धाकट्याच्या बाबतीत. उत्साहात मी त्याला मोठ्यांसारखंच सगळं द्यायला लागले. सालाच्या डाळी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, कडधान्यं. चौथ्या दिवशी त्याचं पोट फुगलं, रात्रभर तो रडला. लहान मुलाचं पोट मुठीएवढं असतं. कोंड्या-सालांनी ते लवकर भरतं आणि अंगाला लागेल असं पुरेसं पोटात जात नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याची भाकरी वेगळी केली, उडीद कमी, वर तूप, भाजीत दाण्याचं कूट. कूटच, अख्खे दाणे नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. घरात लहान मूल असलेल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

गुळाचाही हिशोब मला नीट नव्हता. साखर बंद म्हणून मी शिऱ्यात गूळ, दुधात गूळ, पोळीवर गूळ असं सुरू केलं होतं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते, पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. माझ्या मुलीच्या वयाला दिवसाला साधारण साडेतेराशे कॅलरी लागतात. त्याचे पाच टक्के म्हणजे सतरा ग्रॅम, चहाचे चार लहान चमचे. आणि गूळही त्याच चमच्यांत मोजायचा.

आता ज्या गोष्टीनं तो महिना तारला, ती सांगते. कळण्याची भाकरी. आपल्याकडची रब्बीची दादर ज्वारी चार वाट्या, सालासकट काळे उडीद एक वाटी, मीठ, आणि सगळं एकत्र दळून आणायचं. पण हे दळण ताजं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणजे दर आठ दिवसांनी चक्कीवर जाणं आलं. धान्य निवडणं आलं. रोज परातीपुढे बसणं आलं. माझ्या सासूबाईंनी हे चाळीस वर्षं केलं आणि त्यांचे खांदे आता दुखतात. ‘पूर्वीचं खाणं किती चांगलं होतं’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा ते कुणाच्या खांद्यांवर उभं होतं हेही त्याच वाक्यात यायला हवं.

हातानं केलेलं अन्न आणि कारखान्यातलं अन्न, या दोन्ही बाजू आपल्या जिल्ह्याला माहीत आहेत. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. तिथं ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. त्याआधी दोन वर्षं गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढून हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ यांचा आग्रह धरला होता. आणि 1945 साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या पूर्व खानदेशात, अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. आज सगळं जग जिला विप्रो म्हणून ओळखतं, ती कंपनी तिथं जन्मली. डबाबंद, तयार, स्वस्त वस्तू घरात आल्या आणि बाईचे काही तास मोकळे झाले. ते तास मी कुणाकडून परत मागणार नाही. माझी नोकरी त्या तासांत उभी आहे.

मग काम वाटून घ्यायचं ठरलं, आणि तिथून पुढे महिना सुरळीत झाला. दळण नवऱ्याकडे. रात्री कडधान्य भिजत घालणं मुलीकडे, ती वाटी मोजून घालते आणि कुणाला मोड आले ते आधी तीच पाहते. दुपारी धाकट्याला भरवणं सासूबाईंकडे, पण मोबाइल समोर न धरता. त्यांना ते अवघड गेलं. मूल उपाशी राहील ही भीती आजीच्या पोटात सगळ्यांत खोल असते. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी एक सोपी वाटणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. मी ती सासूबाईंना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘गिलक्याची भाजी त्यानं चारदा थुंकली, पाचव्यांदा वाढू का?’’ वाढली. सातव्यांदा त्यानं दोन घास खाल्ले.

आणि भरीत. हिवाळा होता, बाजारात ती मोठी, फिकट हिरवी वांगी आली होती. एका रविवारी शेतावर तुराट्यांच्या जाळावर आम्ही वांगी भाजली. मुलांनी काळी सालं सोलली, बोटं काळी करून घेतली, आणि लाकडी बडगीत आळीपाळीनं ठेचली. मिरची आम्ही आपल्या वाट्यात वेगळी घातली. वांग्याला कधी हात न लावणारी माझी मुलगी त्या दिवशी कांद्याची पात घातलेलं भरीत भाकरीशी जेवली, कारण ते तिनं ठेचलं होतं. दुसऱ्या कशानं ती वळली नसती.

अकराव्या दिवशी तिच्या वर्गात वाढदिवस होता. केक होता, चॉकलेट होतं. मी तिला नियम सांगून पाठवलं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला एकट्या मुलीनं ‘मला चालत नाही’ म्हणत बाजूला उभं राहावं, ही किंमत मला कुठल्याच अन्नासाठी द्यायची नव्हती. ती खाऊन आली, आनंदात होती.

पैशांचं विचाराल तर घाणीचं शेंगदाणा तेल महाग पडलं, तूप महाग पडलं. पुडे, सॉस, सरबतं गेली, त्यातून काही भरून निघालं. सगळं नाही. मुलं जाड-बारीक झालेली दिसली नाहीत, वजनं मी मोजलीही नाहीत. एक फरक मात्र दिसला. जेवणाच्या वेळी त्यांना भूक असायची. अमेरिकेत 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, वीस मोठी माणसं महिनाभर एका संस्थेत ठेवून केलेला. दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न, हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी जास्त खात होती. तो प्रयोग मोठ्यांवरचा होता, मुलांविषयी मी त्यावरून काही ठरवत नाही. पण पुडा हातात असला की हात थांबत नाही, हे मी माझ्या दोघांत पाहिलेलं आहे.

महिना संपला. बिस्किटं घरात परत आली, कधीमधी येतात. शेवभाजीही आली, नवरा तिची वाट पाहत होता. पाच ते सात या वेळेत मात्र अजून घुगऱ्याच असतात. आणि दर रविवारी सकाळी बाप-लेक दळणाचा डबा घेऊन चक्कीवर जातात. दादर आणि उडीद मुलगी स्वतः मोजते. परत येताना डबा गरम असतो. तो ती कुणाला देत नाही, पोटाशी धरून आणते, आणि घरात शिरताच झाकण उघडून भावाचा हात त्या कोमट पिठात बुडवते.